अकरा बुडख्यांची इन्क्वायरी

फौजेतून परत आलेल्या माणसाला गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो. आमच्या जळकोटला हायवेवरच्या हॉटेलात चहाचा कप हातात यायच्या आधीच कोणीतरी विचारतं, "सुभेदार, किती मारले ओ?" मी खरं ते सांगतो, एकही नाही. समोरच्याचा चेहरा पडतो. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून हा माणूस कुणालाही न मारता परत आला, म्हणजे यानं तिकडं केलं तरी काय, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसतं.

मी टायपिंग केलं. आधी खडखडणाऱ्या मशिनवर आणि मग कॉम्प्युटरवर. मी क्लर्क होतो. फौजेत क्लर्कला बाबूजी म्हणतात, आणि प्रेमानं म्हणतात अशातला भाग नाही. गोळीबाराची परीक्षा आम्हालाही असायची, पण माझ्या गोळ्या बहुतेक शेजारच्या निशाणाला लागत. शेजाऱ्याचा नंबर यायचा आणि तो मला कँटीनमध्ये समोसा खाऊ घालायचा.

या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "सीमेवरचं लोकांनी फार वाचलंय. तुम्ही फौजेतल्या गमती लिहा." मला बरं वाटलं, कारण सीमा मी फारशी पाहिलेली नाही. मी पाहिले ते साहेब लोक, आणि तेही टेबलाच्या अलीकडून, अगदी जवळून. शिवाय माझ्याकडे एक हमखास गंमत होती. लग्नाच्या मांडवात, एसटीच्या रांगेत, दवाखान्यात नंबर येईपर्यंत, मी ती कितीतरी वेळा सांगितली आहे आणि ती एकदाही फुकट गेलेली नाही. म्हणून मी लगेच हो म्हटलं.

ती सांगण्याआधी आमचा धंदा थोडा समजावून द्यावा लागेल, नाहीतर हसायचं कुठं ते कळणार नाही.

फौजेत काही मोडलं, हरवलं, जळालं, कोणी पडलं किंवा कोणी कोणाला पाडलं की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. नाव कोर्टाचं असलं तरी तिथं वकील नसतो, जज नसतो आणि निकालही लागत नाही. तीन अधिकारी एका खोलीत बसतात. त्यांतला मोठा तो अध्यक्ष. साक्षीदार एकेक करून आत येतात, सॅल्यूट मारतात, काय झालं ते सांगतात, आणि कोपऱ्यातला क्लर्क ते टाइप करतो. साक्षीदार बोलतो हिंदीत, तमिळमध्ये, नाहीतर आमच्यासारखा असला तर मराठी हिंदीत. कागदावर ते उतरतं इंग्रजीत. मग त्याला ते त्याच्या भाषेत समजावून सांगायचं आणि त्याची सही घ्यायची. तिघं अधिकारी शेवटी आपलं मत लिहून वर पाठवतात, आणि कुणाला काय करायचं ते वरचे ठरवतात. अशा किती इन्क्वायऱ्या मी टाइप केल्या ते मोजलेलं नाही, पण बोटांची टोकं अजून बधिर आहेत.

यात एक नियम फार महत्त्वाचा. ज्याची चौकशी करायची, त्याच्यापेक्षा अध्यक्ष हुद्द्यानं लहान चालत नाही. कॅप्टन काही मेजरला विचारू शकत नाही की बाबा रे, तू हे का केलंस. ऐकायला हे योग्यच वाटतं. पण याचा दुसरा अर्थ असा की साहेब जितका मोठा, तितके त्याला प्रश्न विचारणारे कमी. अगदी वर गेलात की तिथं एकदोनच माणसं उरतात, आणि ती बहुतेक एकाच गोल्फच्या मैदानावर भेटतात.

शिक्षेचंही तसंच. शिपायानं चूक केली तर कोठडी आहे, हुद्दा खाली आणणं आहे. मोठ्या साहेबानं केली तर त्याच्याहून मोठा साहेब त्याच्यावर नाराज होतो. मी थट्टा करत नाही, त्या कारवाईचं नावच नाराजी आहे. साधी नाराजी असते, तीव्र नाराजी असते, शिवाय नोंद होणारी आणि नोंद न होणारी असे प्रकार असतात. नोंद न होणारी म्हणजे साहेबांना पत्र येतं, साहेब ते वाचतात, ड्रॉवरमध्ये ठेवतात आणि जेवायला जातात. माझी बायको माझ्यावर लग्नापासून तीव्र नाराज आहे आणि ती नोंदही ठेवते. त्या हिशेबानं मी निदान मेजर जनरल म्हणून तरी रिटायर व्हायला हवं होतं.

नमुना म्हणून एक छोटी इन्क्वायरी सांगतो. एका स्टेशनात, म्हणजे छावणीत, एक कर्नलसाहेब होते, त्यांना गुलाबांच्या प्रदर्शनात पहिलं यायचं होतं. उन्हाळा कडक. जवानांच्या लाइनीत, म्हणजे बराकींकडं, येणारा पाण्याचा टँकर तीन आठवडे वाटेतच रिकामा व्हायचा. जवानांनी आंघोळी बंद केल्या आणि मग गुपचूप एक निनावी चिठ्ठी वर गेली. इन्क्वायरी बसली. माळी आला, ड्रायव्हर आला, पाणी मोजणारा आला. शेवटी मी जे टाइप केलं ते असं, की टँकर जुना होता आणि तो गळत होता. तो नेमका गुलाबांजवळच का गळायचा, हे त्या तिघांपैकी कोणी विचारलं नाही. साहेबांना पहिला नंबर मिळाला. टँकरला मात्र दुरुस्तीसाठी वर्कशॉपमध्ये पाठवलं, आणि वर्कशॉपवाल्यांनी दोनदा लिहून कळवलं की यात गळती सापडत नाही.

सगळे साहेब असे होते असं म्हणालो तर माझ्या जिभेला हाड नाही असं होईल. एका साहेबांच्या हातून जीप खांबाला धडकली. ड्रायव्हर शेजारी बसला होता. साहेब स्वतः येऊन म्हणाले, "बाबूजी, लिहा. गाडी मी चालवत होतो, चूक माझी." मी दोनदा विचारलं की नक्की लिहू का. त्यांनी सही केली. पुढं त्यांच्या बरोबरीचे वर गेले आणि ते होते तिथंच राहिले, पण ड्रायव्हर लोक त्यांच्या गाडीसाठी आपसांत भांडायचे.

आता ती गंमत.

उत्तरेतलं एक स्टेशन. मी तेव्हा हवालदार होतो, ब्रिगेडच्या मुख्यालयात. आमच्या ब्रिगेडियरसाहेबांचं नाव मी सांगणार नाही. ते अजून आहेत, सुखात आहेत आणि त्यांचा जावई वकील आहे. साहेबांच्या बंगल्यापासून ऑफिसर मेसपर्यंत शिसमच्या झाडांची दुतर्फा रांग होती. सरळसोट, जुनी, दोन माणसांच्या कवेत मावणार नाहीत अशी. फौजेत झाडालाही नंबर असतो हे बाहेरच्यांना माहीत नसतं. खोडाला कमरेपर्यंत गेरू, त्यावर चुन्याचा पट्टा, पट्ट्यावर काळ्या रंगात नंबर, आणि ऑफिसात झाडांचं रजिस्टर. आमच्या रजिस्टरात दोनशे चौदा झाडं होती. त्यातलं एक तोडायचं तरी परवानगीसाठी फाइल वर जायची, आणि ती खाली येईपर्यंत झाड आपोआप पडलेलं असायचं.

मुख्यालयाच्या वर्किंग पार्टीचा प्रमुख होता हवालदार दत्ता. रंगकाम, कुंपण, सुतारकाम, कोणी मोठा पाहुणा आला की दगडांना चुना लावणं, ही सगळी कामं त्याच्या पार्टीची. दत्ता आपल्याच धाराशिव जिल्ह्यातला, परंडा तालुक्यातल्या सोनारीचा. इकडं असताना मी सोनारीला कधी गेलो नव्हतो आणि तो जळकोटला कशाला येतोय. पण तिकडं इतक्या लांब आम्ही सख्ख्या भावांसारखे होतो. रजेवरून येताना तो आईच्या हातची शेंगाचटणी आणायचा आणि अर्धी मला काढून द्यायचा. माणूस कमी बोलायचा. लाकडाचं काम मात्र असं करायचा की सांधा शोधावा लागायचा.

एके दिवशी सकाळी एका पत्रावर साहेबांची सही घ्यायला मी बंगल्यावर गेलो. व्हरांड्यात साहेब चहा पीत होते. मेमसाहेबांच्या हातात एक गुळगुळीत मासिक होतं, त्यात बारा माणसांच्या जेवणाच्या टेबलाचा फोटो. मुलीचं लग्न ठरलं होतं. समोर दत्ता सावधानमध्ये उभा. साहेबांनी हातातल्या छडीनं रांगेतली झाडं एकेक करून दाखवली. "ये वाला, ये वाला, और वो सीधा वाला." असं करत अकरा झाली. मग साहेब म्हणाले, "सब सूख गए हैं. गिरा दो."

व्हरांड्याच्या पायरीशी मी त्या सुकलेल्या झाडांच्या सावलीत उभा होतो. अंगणात इतकी गार सावली होती की मला शर्टाच्या बाह्या खाली कराव्याशा वाटल्या. दत्तानं एकदा वर पाहिलं, एकदा साहेबांकडं पाहिलं आणि म्हणाला, "जी साब." साहेबांनी माझ्या पत्रावर सही केली आणि मी निघालो. लेखी काहीच नव्हतं. असल्या गोष्टी लिहून कोण देतं?

चार दिवसांत झाडं पडली. दत्ताच्या पार्टीनं फळ्या पाडल्या, टेबल झालं, पलंग झाले, दारावर मोर असलेलं एक कपाटही झालं. सगळं सामान ट्रकमधून मुलीच्या सासरी गेलं. स्टेशनात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं.

मग दोन महिन्यांनी कोअर कमांडर येणार असल्याचा निरोप आला. कोअर कमांडर म्हणजे ब्रिगेडियरच्याही वरच्याच्या वरचे, लेफ्टनंट जनरल. असा पाहुणा येणार म्हटलं की स्टेशनाच्या अंगात येतं. गवत कापतात, दगड रंगवतात, कुत्री हाकलतात. आदेश निघाला, तो मीच टाइप केला होता. रजिस्टरप्रमाणे सर्व दोनशे चौदा झाडांना गेरू व चुना लावून नंबर टाकण्यात यावेत.

भेटीच्या दिवशी ब्रिगेडियरसाहेबांचा बेत जनरलसाहेबांना गाडीतून नेण्याचा होता. पण जनरलसाहेब म्हणाले, मेसपर्यंत चालत जाऊ. मी फाइल घेऊन मागं होतो. दोन्हीकडं शिसमची झाडं, गेरू झळकतोय, चुना झळकतोय. आणि मध्येच एका झाडाच्या जागी वीतभर उंचीचा बुडखा. त्यालाही गेरू. त्यावर चुन्याचा नाजूक पट्टा. पट्ट्यावर सुंदर अक्षरात नंबर. पुढं आणखी एक. पलीकडं तीन ओळीनं.

जनरलसाहेब थांबले. दत्ता ब्रश आणि डबा लपवून बाजूला सावधान उभा होता. त्याला त्यांनी विचारलं, "ये क्या है?"

दत्तानं खाडकन टाच आपटली. "पेड नंबर एक सौ इकसठ, श्रीमान."

"पेड कहाँ है?"

"रजिस्टर में है, श्रीमान."

ही ती गंमत. इथं लोक पोट धरून हसतात. मी सांगताना टाचही आपटून दाखवतो. फौजेतला माणूस कसा हुकमाचा गुलाम असतो, झाड नाही तर बुडखा रंगवतो पण दोनशे चौदाचा आकडा पुरा करतो, असं शेवटी मी म्हणायचो आणि लोक मान डोलवायचे. जनरलसाहेब हसले नाहीत. त्यांनी जाऊन अकराच्या अकरा बुडखे पाहिले. एकाशेजारी तर खाली वाकून लाकडाचा कापही पाहिला. आमच्या साहेबांच्या कानाच्या पाळ्या गेरूच्या रंगाच्या झाल्या होत्या.

पुढचं मी मांडवात सांगत नसे.

इन्क्वायरीचा हुकूम आला. त्याची शब्दरचना पाहण्यासारखी होती. अकरा झाडं कोणत्या परिस्थितीत पडली याची चौकशी करावी. कोणी पाडली असं नव्हतं, कोणत्या परिस्थितीत पडली असं होतं. कुणाचंही नाव नसल्यामुळं अध्यक्ष म्हणून एका कर्नलसाहेबांना नेमता आलं, आणि ते आमच्या ब्रिगेडियरसाहेबांपेक्षा लहान. आता मघाचा नियम आठवा. एका जरी साक्षीदारानं ब्रिगेडियरसाहेबांचं नाव घेतलं, तर कर्नलसाहेबांना तिथंच थांबावं लागलं असतं. मग वरच्या हुद्द्याचा अध्यक्ष आणायचा, साहेबांना समोर बसवायचं, सगळं नव्यानं. एका नावानं हे होणार होतं, आणि त्या खोलीत कुणालाच ते नाव ऐकायचं नव्हतं.

त्या खोलीत क्लर्क म्हणून मी होतो.

व्हरांड्यातला तो हुकूम मी माझ्या कानांनी ऐकला होता. म्हणजे मी साक्षीदार होतो. नियम सांगायचा तर मी पहिल्याच दिवशी उभं राहून म्हणायला हवं होतं, "साहेब, माझ्या जागी दुसरा क्लर्क घ्या, मला बयान द्यायचंय." पण इन्क्वायरीत क्लर्ककडे कोणी माणूस म्हणून पाहत नाही. खुर्ची, पंखा, क्लर्क, अशी ती यादी असते. मी त्या यादीत गप बसलो. माझी नायब सुभेदारीची पाळी तीन महिन्यांवर आली होती. माझा वार्षिक रिपोर्ट ज्या मेजरसाहेबांच्या हातात होता, त्यांचा रिपोर्ट ब्रिगेडियरसाहेबांच्या हातात होता.

दत्ताच्या साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारच्या चहाला तो माझ्याकडं आला. स्टुलावर बसून म्हणाला, "बाबूजी, उद्या काय सांगू?"

मी म्हणालो, "आठवत नाही म्हण."

"आठवतंय की."

"मग विसर. हे बघ दत्ता, कर्नलसाहेबांनी हवामान खात्याचा कागद मागवलाय. कोणी काही बोललं नाही तर वादळात पडली म्हणून लिहितील आणि मिटेल. नाव घेतलंस तर तुझं नाव सगळ्या फौजेत जाईल. तुझीही सुभेदारी जवळ आलीय."

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आन तुमी?"

"मला कोण विचारतंय," मी म्हणालो, आणि बिस्किटाचा पुडा त्याच्यापुढं सरकवला.

मला तेव्हा खरंच वाटत होतं की मी त्याला वाचवतोय. निदान तसं मी स्वतःला सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी कर्नलसाहेबांनी विचारलं, "झाडं कापायला कुणी सांगितलं?" दत्तानं माझ्याकडं पाहिलं. मी स्क्रीनकडं पाहिलं. बराच वेळ पंखा फिरत राहिला. मग तो म्हणाला, "याद नहीं, साब." त्यानं तोंड उघडायच्या आधीच माझी बोटं ते वाक्य टाइप करून मोकळी झाली होती.

वादळाचा कागद आला. त्या महिन्यात त्या भागात साधा वाराही सुटला नव्हता. मग झाडं कोणीतरी कापलीच असणार, आणि कापणारा तर समोर उभा होता. मत लिहिलं गेलं, ते मी टाइप केलं. हवालदारानं कुणाच्याही आदेशाशिवाय, स्वतःच्या मर्जीनं अकरा झाडं तोडली. पुढचं वाक्य मी विसरू शकत नाही. आणि हे कृत्य लपवण्यासाठी त्यानं बुडख्यांना रंग दिला. लाल-पांढरा रंग लावून, वर ठळक नंबर टाकून माणूस काय लपवतो, हे मी विचारू शकलो असतो. मी ते व्यवस्थित दोन्ही कडा जुळवून छापलं आणि पाच प्रती काढल्या.

दत्ताला कडक ताकीद मिळाली आणि ती लाल शाईनं त्याच्या सर्व्हिस बुकात चढली. लाल शाई चढली की सुभेदारीच्या यादीतून नाव जातं. मुदत भरली तेव्हा तो हवालदार म्हणूनच घरी गेला. ब्रिगेडियरसाहेबांना, देखरेखीत ढिलाई झाली म्हणून, नाराजी मिळाली. नोंद न होणारी. ते पुढं मेजर जनरल झाले. मी नायब सुभेदार झालो, मग सुभेदार. लोक मला अजून सुभेदार म्हणूनच हाक मारतात आणि प्रत्येक वेळी मी ओ देतो.

त्यानंतर दत्ताची आणि माझी गाठ पडली नाही. दिवाळीला त्याचा फोन यायचा, मग तोही बंद झाला. मी रिटायर होऊन गावी आलो तरी सोनारीला गेलो नाही. लांब पडतं, असं म्हणायचो. जळकोटहून तुळजापूर, तिथून धाराशिव, मग परंडा आणि तिथून पुढं. जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकाला गाड्या बदलत एक दिवस जातो. पण जिथं एका दिवसात जाता येतं तिथं मी सहा वर्षं गेलो नाही, हे अंतराचं काम नव्हे.

या अंकासाठी लिहायचं ठरल्यावर मात्र गेलो. ज्याच्यावर लोकांना हसवायचं, त्याला निदान विचारावं म्हणून.

दत्ताचं घर भैरवनाथाच्या देवळापासून जवळच आहे. तो अंगणात दाराची चौकट करत बसला होता. केस पिकलेत, हात तसेच आहेत. मला पाहून उठला, टाच जुळवली आणि हसला. "या बाबूजी. वाट चुकला व्हय?" बायकोला आत हाक मारून म्हणाला, "आगं, म्या सांगतो न्हवं का, त्ये जळकोटचे बाबूजी. च्या टाक."

इकडचं तिकडचं झालं. मग मी अंकाचं काढलं. ती गंमत त्याच्यासमोर सांगितली, सवयीनं पूर्ण सांगितली, रजिस्टर में है श्रीमान पर्यंत. दारात उभ्या असलेल्या वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. दत्ता हसला नाही. त्यानं रंधा बाजूला ठेवला.

"बाबूजी, म्या लाकडाचं काम करनारा मानूस. झाड कंचं आन बुडखा कंचा, येवढं मला कळत न्हाय व्हय?"

मी म्हणालो, "मग?"

"लई वंगाळ वाटलं हुतं कापताना. हिरवीगार झाडं. कापलं की लाकूड वलं लागत हुतं. म्हनलं, पाऊस पडला की गवत वाडंल, बुडखं त्यात जातील, कुनाला दिसायचं न्हायत. तेवढ्यात मोठा सायेब येनार म्हनून कळलं. बोलायची तर माझी ताकद न्हवती. रंगवायची हुती. म्हनलं, दिसू दे की तेला."

"आणि रजिस्टर में है म्हणालास ते?"

"त्ये तर खरंच हुतं की."

मी इतकी वर्षं ज्या माणसाच्या बावळटपणावर मांडव हसवले, त्यानं साऱ्या स्टेशनात एकट्यानं साक्ष दिली होती. कुणी न विचारता, सगळ्यांच्या देखत, गेरूनं आणि चुन्यानं.

दत्ता चौकटीवरचा भुसा हातानं झाडत म्हणाला, "माझा हिशोब साधा हुता. मोठा सायेब बगंल, इचारपूस हुईल. माझं कोन ऐकतंय, पर तुमी हुता की वरांड्यात. म्हनलं, इतकं म्या केलं, म्होरचं बाबूजी करतील. मंग तुमीच म्हनला, आठवत न्हाय म्हन. म्हनलं, बाबूजीचा कायतरी बेत आसंल. म्या तिथं हुबा ऱ्हाऊन तुमची वाट बगत हुतो."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. प्रमोशनचं सांगावं, रिपोर्टचं सांगावं, वादळाच्या कागदाचं सांगावं. ते सगळं तोंडापर्यंत येऊन मागं गेलं. मी म्हणालो, "मी भ्यालो, दत्ता."

त्यानं मान हलवली. पलीकडं शेळी दोर ताणत होती, तिच्याकडं बघत होता. मग म्हणाला, "आसं व्हय. म्या हिला इतकी वर्सं सांगत आलो बगा, बाबूजीच्या ध्यानात ऱ्हायलं नसंल. रोज शंभर कागद हातावरनं जानार त्यांच्या, यवढी गोष्ट कुठं ध्यानात ऱ्हाती. ध्यानात आसतं तर बोललं आसतं म्हनलं. गिरायीं हाय आपला."

गिरायीं म्हणजे गाववाला. फौजेत हा शब्द घरच्या माणसासाठी वापरतात.

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. ट्रे हातात धरून त्या माझ्याकडं बघत होत्या, दत्ताकडं नाही. मघाचं हसू गेलं होतं. इतक्या वर्षांत मी शेकडो माणसांची बयानं लिहिली, पण स्वतःचं एकदाही दिलं नव्हतं.

"वहिनी," मी म्हणालो, "माझ्या ध्यानात होतं."

त्यांनी चहाचा कप माझ्यासमोर जमिनीवर ठेवला आणि त्या आत गेल्या.